पंखवाल्याचं वाक्य

आयुष्यात मी एकाच माणसाला वाचायला शिकवलं. माझ्या नणंदेला. शाळा नाही, पाटी नाही. द्राक्षाच्या शेडमध्ये रद्दीच्या ढिगावर बसून, एका पंखवाल्या माणसाच्या चित्रांच्या पुस्तकांवरून शिकवलं. हे ऐकलं की लोक म्हणतात, वा, केवढं पुण्याचं काम केलंत. डोंबलाचं पुण्य! त्या शिकवण्याचं काय झालं ते मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. आता त्यातलं कुणीच राहिलेलं नाही, आणि माझेही दिवस थोडेच उरलेत, म्हणून सांगून टाकते.

मी साताऱ्याची. वडील शाळेत कारकून, मी अकरावी पास. बाहत्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. सासर तासगावजवळचं. द्राक्षबाग, विहीर, दोन म्हशी, आणि घरात माणसं चार: मामंजी, म्हणजे माझे सासरे, माझा नवरा, त्याची धाकटी बहीण, आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नणंदेला मी वन्सं म्हणायची, ती मला वैनी. वयानं ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, नात्यानं मी मोठी. त्यामुळं दोघी एकमेकींना अहो-जाहो करायचो आणि त्याचं आमचं आम्हालाच हसू यायचं.

वन्संच्या लग्नाला तेव्हा पाच वर्षं झाली होती. नवरा मिल्ट्रीत. म्हसवडकडचा, आईबाप नसलेला, चुलत्यानं वाढवलेला. लग्न झाल्यावर वीस दिवस राहिला आणि रजा संपली म्हणून गेला. क्वार्टर मिळालं की नेतो, तोवर माहेरीच राहू दे, असं सांगून गेला. तेव्हापासून ती आमच्याकडं. सकाळी उठून ठसठशीत कुंकू लावायची, ज्येष्ठात वडाला सूत गुंडाळायची, आणि गावात एस्टी आली की हातातलं काम टाकून दारापर्यंत जाऊन यायची. कुणी बघितलंच तर म्हशीकडं गेले होते म्हणायची.

पत्र मात्र यायचं. तीनचार महिन्यांतून एकदा मामंजी तासगावच्या बाजाराहून परतले की उंबऱ्यातूनच सांगायचे, पत्र आलंय. मग वन्सं हातपाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन माजघराच्या दाराआड बसायची. नवऱ्याचं पत्र बापाच्या तोंडून ऐकायचं, तर समोर बसून कसं ऐकणार! मामंजी सोप्यात घोंगड्यावर बसायचे, चष्मा पुसायचे, खाकरायचे आणि निळं आंतर्देशीय पत्र उलगडून वाचायचे. सर्व खुशाल आहे. थंडी फार आहे. रजा मंजूर होत नाही. तिला सांगावे, काळजी करू नये. वाचून झालं की वन्सं बाहेर येऊन ते पत्र हातात घ्यायची, दोन्ही डोळ्यांना लावायची आणि परत द्यायची. मामंजी ते भिंतीतल्या फडताळात ठेवून कुलूप घालायचे.

माझ्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बाजारात कुणाचा तरी हात धरून जायचे. ऑपरेशन करून घ्या म्हटलं तर डोळ्याला सुरी लावून घेणार नाही म्हणायचे. एकदा बाजाराहून आले, पत्र आलंय म्हणाले, आणि घोंगड्यावर बसून त्यांनी मला हाक मारली. सूनबाई, तू शिकलेली आहेस, आता मला अक्षर लागत नाही, आजपासून तू वाच. मी अशी हरखले की काय सांगू. सगळ्यांसमोर एवढा मान. हात पदराला पुसले आणि पत्र हातात घेतलं.

ते पत्र नवं नव्हतं. घड्यांवर पार विरून गेलं होतं, उलगडताना हळू उलगडावं लागलं. वरची तारीख तीन वर्षांपूर्वीची. आत चारच ओळी होत्या. मी इकडे दुसरे लग्न केले आहे. मूलही झाले आहे. आपल्या मुलीस माझी वाट पाहू देऊ नये, तिची दुसरी सोय करावी. यापुढे मला पत्र पाठवू नये.

मी मान वर केली. मामंजी समोर बसले होते, त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं पण ते माझ्याकडंच बघत होते. नवरा खांबाला टेकून उभा होता. त्यानं हळूच मान हलवली. दाराआड वन्संच्या बांगड्या वाजल्या. एक श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच मला मिळाला.

“सर्व खुशाल आहे,” मी वाचलं.

त्या संध्याकाळी गोठ्यात मी नवऱ्याला चांगलं फैलावर घेतलं. तुम्ही माणसं आहात की कोण, बहिणीला तीन वर्षं एकच कागद वाचून दाखवता? तो धार काढता काढता ऐकत राहिला. मग म्हणाला की पत्र आलं तेव्हा दिवाळी तोंडावर होती. आबा म्हणाले, सणात नको. मग संक्रांत आली. मग तिला ताप आला. आबांनी एकदा खोटं वाचलं, ती त्या दिवशी पोटभर जेवली, आणि मग सांगायचं राहूनच गेलं. मी म्हटलं, आता सांगा. त्यानं चरवी खाली ठेवली आणि म्हणाला, “तू सांग. हीर न्हाई लांब.” विहीर आमच्या दारातच होती. गेल्या दहा वर्षांत गावातल्या दोघी तिच्यात गेल्या होत्या. मी चरवी उचलली आणि आत गेले.

गावात कुणाला ठाऊक नव्हतं असं समजू नका. म्हसवडच्या यात्रेला जाऊन आलेला प्रत्येक माणूस काही ना काही ऐकून यायचा. पण तिच्यासमोर कुणी ब्र काढला नाही. अख्खं गाव एका बाईला सांभाळत होतं, आणि त्यात मी नवी नवरी सामील झाले. शिकलेली होते ना, मला ते काम इतरांपेक्षा बरं जमलं.

मामंजी बिचारे चार वाक्यांत संपवायचे. मी रंगवून वाचायला लागले. तिकडं सफरचंदं कशी असतात, बर्फावर बूट कसे घसरतात, मेसमधल्या डाळीला आपल्या आमटीची चव कशी नाही. दाराआड ती हसायची, ते ऐकू आलं की मला आणखी चेव यायचा. पत्र हातात घेतलं की त्याच्या विरलेल्या घड्यांवरून बोट फिरवून म्हणायची, किती लांबनं आलंय. उत्तरंही मीच लिहायची. ती सांगायची, तब्येतीला जपा, डोईला तेल लावत जा, मी बरी हाय. मी ते लिहून, जिभेनं ओलं करून चिकटवायची, नवरा ते पोस्टात टाकतो म्हणून घेऊन जायचा आणि फडताळात ठेवायचा. पुढं पुढं किल्लीही माझ्याच कमरेला आली.

त्याच सुमाराला पंखवाला आमच्या घरी आला.

द्राक्षं पेटीत भरताना खाली-वर कागद लागतो. हंगामाच्या आधी नवरा सांगलीहून रद्दीचे गठ्ठे आणायचा. शेडमध्ये आम्ही दोघी आणि गावातल्या चारपाच बाया घड हातात धरून कात्रीनं खराब मणी काढायचो आणि पेट्या भरायचो. एका गठ्ठ्यात वर्तमानपत्रांच्या मधे चित्रांची पुस्तकं निघाली, नऊ की दहा. कुणा पैसेवाल्याच्या पोराची असणार. सगळी एकाच वीराची. खांद्यातून दोन पिवळे पंख फुटलेला, निळे घट्ट कपडे घातलेला, कंबरेला पट्टा. बायांनी ती बघून तोंडाला पदर लावले. वन्सं म्हणाली, एवढे पंख दिले देवानं, ह्याला एक धोतर द्यायला काय झालं हुतं. मग दुपारच्या भाकरीनंतर मी एकेक पुस्तक वाचून दाखवायचं, असा रिवाजच पडला. आम्ही त्याला नुसतं पंखवाला म्हणायचो.

गोष्टी सगळ्या एका साच्याच्या. दिवसा तो एका कचेरीत मान खाली घालून काम करायचा. कुठं पूर आला, आग लागली, चोरांनी आगगाडी पळवली, की भिंतीआड जाऊन पंख उघडायचा आणि उडायचा. त्याचं गुपित कुणाला कळायचं नाही. आणि प्रत्येक पुस्तकात एक बाई होती. तिचं त्याच्यावर मन, त्याचं तिच्यावर. ती गच्चीत उभी राहून वाट बघायची. तो वरून तिला बघायचा आणि तसाच पुढं जायचा, कारण त्याला कुठंतरी कुणालातरी वाचवायचं असायचं. बाकीच्या बाया मारामारी आली की सरसावून बसायच्या. वन्सं त्या गच्चीतल्या बाईची वाट बघायची. नवं पुस्तक काढलं की आधी विचारायची, “ह्यो तिला कवा नेनार?”

मी दर वेळी म्हणायची, पुढच्यात नेईल. पुढचं पुस्तक सलग नसायचंच. मधली हरवलेली, काहींची शेवटची पानं फाटलेली. एकात त्याचे पंख पेटतात, तो आकाशातून खाली येतोय, आणि पान संपतं. बायांनी मला सोडलंच नाही, पुढं काय सांगा. मी ठोकून दिलं की तो नदीत पडला आणि वाचला. त्यांनी सुस्कारा टाकला आणि कात्र्या उचलल्या.

त्या वर्षी पाडव्याच्या आसपास मामंजींनी पुन्हा पत्र आणलं. म्हणजे माझ्याकडून किल्ली मागून घेऊन, ते खिशात घालून बाजारात गेले आणि घेऊन आले. मी वाचायला बसले आणि मला काही सुचेना. सफरचंदं झाली, बर्फ झाला, डाळ झाली. माझ्या डोक्यात त्या दुपारी एकटीनंच चाळलेल्या, बायांना अजून वाचून न दाखवलेल्या पुस्तकातली चित्रं होती. मी वाचून गेले की आता आमची बदली झाली, कधी कधी विमानातून न्यावं लागतं, आणि वरून बघितलं की सगळी घरं काड्यापेटीएवढी दिसतात, त्यातलं आपलं कुठलं ते ओळखू येत नाही, पण मी शोधतो.

ती बाहेर आली, पत्र डोळ्यांना लावलं, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तसंच धरून ठेवलं.

मी ते विसरूनही गेले. तिनं नाही विसरलं. भाकरी थापताना मधेच थांबून म्हणायची, काड्यापेटीएवढी घरं. विमान जाताना दिसलं की अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहायची, वरून दिसावी म्हणून. एकदा तर ओटा सारवताना तिनं कडेला चुन्याचा एवढा मोठा पट्टा ओढला. मी विचारलं, हे काय. म्हणाली, असू द्या, खूण. मी कपाळाला हात लावला आणि आत गेले, आणि आत जाऊन बराच वेळ पीठ चाळत बसले.

नंतर एक दिवस तिनं मला विहिरीवर धुणं धुताना सांगितलं की तिला वाचायला शिकायचंय. ह्येंचं पत्र सगळ्यांसमोर ऐकायला लाज वाटते. एकदा तरी एकटीनं वाचायचंय, पायजेल तेवढा वेळ.

आता इथं मी खरं सांगते. मी नाही म्हणू शकले असते. वय झालं, आता कुठं, कामाचा रगाडा एवढा, असं काहीही म्हटलं असतं तर ती गप्प बसली असती. तशीच होती ती. पण मी हो म्हटलं. मनाला सांगितलं की पंचवीस-सव्वीस वर्षांच्या बाईला कुठं येतंय, चार दिवस करील आणि सोडेल. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, वेगळंच होतं. मला त्या पत्राचा वीट आला होता. तिला खरं कळावं असं वाटत होतं, फक्त मला तोंड उघडायला लागू नये. अक्षरांनी काय ते सांगावं आणि मी बाजूला उभं राहावं. याला भित्रेपणा म्हणतात. मी त्याला शिकवणं म्हणत होते.

वर्तमानपत्राचं बारीक अक्षर तिला लागेना, म्हणून पंखवाल्याची पुस्तकं घेतली. त्यात फुग्यात दोनतीनच शब्द असतात. थांब. कोण आहेस तू. मदत करा. ती बोट ठेवून एकेक अक्षर लावायची आणि शब्द जुळला की माझ्याकडं अशी बघायची की मला मान फिरवावीशी वाटायची. चार दिवसांत सोडलं नाही तिनं. पावसाळ्यात बाग छाटली तेव्हा ती शब्द वाचत होती. थंडीत वाक्यं. हंगाम सुरू झाला तेव्हा भाकरीनंतर मी नाही, ती वाचायला लागली, अडखळत, घामाघूम होत, आणि बाया वाट बघत थांबायच्या. मामंजींना कळल्यावर ते एवढंच म्हणाले, कशाला. आणि काठी टेकत बाहेर गेले.

एक दिवस शेडमध्ये आम्ही दोघीच होतो. बाकीच्या बाया कुणाच्या तरी घरी बारशाला गेल्या होत्या. मी घड छाटत होते, ती एक पुस्तक घेऊन बसली होती. पंखवाला शहरावर उडतोय, खाली दिवे, आणि वर ढगासारख्या फुग्यात त्याच्या मनातलं लिहिलेलं. ती बोट ठेवून वाचत होती. वरून. सगळी. घरं. काड्यापेटीएवढी. दिसतात.

तिचं बोट थांबलं. मला अजून काहीच लक्षात आलं नव्हतं, बघा. मी म्हटलं, पुढं वाचा की. तिनं पुढं वाचलं. त्यातलं. माझं. कुठलं. ते ओळखू येत नाही.

मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. माझ्या हातातला घड खाली पडला. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात राग असता तर त्या आठवणीनं मी एवढी झुरले नसते असं वाटतं. राग नव्हता. ती विचार करत होती. एकेक अक्षर लावावं तसं लावत होती.

“ह्ये पुस्तक आपल्याकडं आदी आलं, का ह्येंचं पत्र?” तिनं विचारलं.

त्या एका वाक्यावर तिनं वर्ष काढलं होतं, आणि मी ते कुठून उचललं हेच विसरले होते.

तिनं हात पुढं केला. म्हणाली, किल्ली द्या. मी दिली. ती घरात गेली. मामंजी सोप्यात झोपले होते. मी शेडच्या दारात उभी राहून विहिरीकडं बघत होते. ती तिकडं वळली असती तर मी आडवी पडले असते. ती सरळ परत आली. एका हातात ते पत्र, दुसऱ्या हातात तिच्याच उत्तरांचा गठ्ठा, सगळी चिकटवलेली, एकावरही शिक्का नाही.

खाली बसून तिनं पत्र मांडीवर उलगडलं आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं. तिला मनात वाचायला येत नव्हतं, तेवढं शिकवायचं राहिलं होतं. मी इकडे. मी इकडे दुसरे. आणि पुढच्या शब्दापाशी ती अडली. तो शब्द पंखवाल्याच्या एकाही पुस्तकात आला नव्हता. तिनं त्यावर बोट ठेवलं, दोनदा प्रयत्न केला, आणि रोज विचारायची तसंच मला विचारलं, “वैनी, ह्ये कसं म्हनायचं?”

मी तिची मास्तरीण होते. मी वाकून बघितलं आणि सांगितलं.

“लग्न.”

तिनं मान हलवली आणि पुढं वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. मग वरची तारीख विचारली, ती मी सांगितली. मग उत्तरांचा गठ्ठा हातात घेऊन वरच्या पाकिटावरचा पत्ता वाचला, तो मात्र न अडखळता. ती रडली नाही. मीच रडत होते, आणि लाज अशी की तिनंच मला उठून पाणी दिलं. मी तिचे पाय धरायला गेले तर तिनं ते मागं ओढून घेतले. रिकामं भांडं उचलत ती म्हणाली, “आबांना कळू दिऊ नका. आता त्येंच्यानं सोसायचं न्हाई.”

मग तिनं पत्राची घडी होती तशीच घातली, स्वतः जाऊन फडताळात ठेवली, कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. उत्तरं तेवढी तिनं संध्याकाळी चुलीत घातली. भाकऱ्या रोजच्यासारख्या केल्या. पुढचे कितीतरी दिवस माझा नवरा विचारायचा, तुझे डोळे का सुजलेत, आणि मी द्राक्षावरच्या औषधाचं नाव सांगायची. विहिरीवर ती गेली की मी काहीतरी निमित्त काढून मागं जायची. एकदा वळून म्हणाली, येऊ नका, न्हाई जात मी. जाऊन कुटं जानार.

पंखवाल्याची पुस्तकं तिनं त्याच हंगामात संपवली. वाचून नव्हे. एकेक पान फाडून, हातानं सपाट करून पेटीच्या तळाला घातलं आणि वर द्राक्षं ठेवली. गच्चीतली बाई, पूर, आगगाडी, पेटलेले पंख, सगळं मुंबईला गेलं. त्यानंतर मी तिला कधीही काही वाचताना पाहिलं नाही, एस्टीवरची पाटीसुद्धा नाही. तिकीट मास्तरला विचारून बसायची.

तीन महिन्यांनी मामंजी बाजाराहून आले. त्यांना आता उंबराही दिसत नव्हता, नवऱ्याचा खांदा धरून आत आले आणि म्हणाले, पत्र आलंय.

मी चुलीपुढून उठलेच नाही. वाटलं, आज ही सांगेल. आज काय ते होऊन जाऊ दे. वन्सं परसात गेली. पाण्याचा आवाज आला. ती हातपाय धुऊन आली, डोक्यावर पदर घेतला आणि दाराआड तिच्या जागी जाऊन बसली. मग माझ्याकडं बघून मानेनं खुणावलं, जा.

मी सोप्यात आले. पत्र उलगडलं. सर्व खुशाल आहे, म्हटलं. थंडी फार आहे, म्हटलं. रजा मंजूर होत नाही. तिथं मी थांबले. मी त्या चार ओळींकडं बघत उभी राहिले. मामंजी मान वर करून वाट बघत होते, आणि बघता बघता त्यांच्या तोंडावरचा रंग उतरायला लागला. म्हाताऱ्याला वाटलं, ही आता खरं वाचणार.

तेव्हा दाराआडून तिचा आवाज आला. एरवी पत्र वाचताना ती कधी बोलायची नाही.

“विमानाचं ऱ्हायलं, वैनी. वरनं समदी घरं काड्यापेटीएवढी दिसत्यात, त्ये.”

मामंजी हसले. नवऱ्याला म्हणाले, बघ, पोरीला पाठ झालंय. मी ते वाचलं. त्यातलं आपलं कुठलं ते ओळखू येत नाही, पण मी शोधतो, असं सगळं वाचलं. वन्सं बाहेर आली, पत्र घेतलं, दोन्ही डोळ्यांना लावलं आणि बापाच्या हातात परत दिलं.

मामंजी त्यानंतर चार वर्षं जगले. ते पत्र मी दर तीनचार महिन्यांनी वाचत राहिले, आणि ती दर वेळी हातपाय धुऊन ऐकायला बसली.